धक्क्यांची मालिका आणि आपली घरे

महापरिनिब्बान सुत्तात एक प्रसंग आहे. वैशालीजवळच्या चापाल चैत्यापाशी धरणीकंप होतो आणि आयुष्मान आनंद तथागतांना त्याचे कारण विचारतो. तथागत आठ कारणे सांगतात. त्यांतील बहुतेक बोधिसत्त्वाच्या व बुद्धाच्या जीवनातील महान घटनांशी जोडलेली आहेत. पहिले मात्र निखळ निसर्गाचे आहे. पृथ्वी पाण्यावर, पाणी वायूवर, वायू आकाशात स्थित आहे. प्रचंड वारे वाहू लागले की पाणी हलते आणि पाण्याबरोबर पृथ्वी. हे आजचे भूशास्त्र नव्हे, आणि आपल्यातील काही उत्साही मंडळी ते तसे सिद्ध करू पाहतात, त्याची गरजही नाही. यादीत पहिले स्थान कोणत्या कारणाला मिळाले, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे.

आनंदाचा प्रश्न एका धक्क्याविषयी होता. धक्के दिवसेंदिवस, शेकड्यांनी बसत राहिले तर? सामान्यतः एक मोठा भूकंप होतो आणि त्यामागून येणारे लहान धक्के हळूहळू विरत जातात. काही ठिकाणी मात्र असा म्होरक्या नसतो. जवळजवळ सारख्याच बळाचे धक्के एकाच परिसरात आठवडे, महिने, क्वचित वर्षेही बसत राहतात. यालाच भूकंपांची मालिका म्हणतात.

समुद्रातील बेटांच्या रांगांजवळ अशा मालिका विशेष आढळतात. तेथे भूकवचाचा एक पट्टा दुसऱ्याखाली सरकत खोल जातो. खाली जाणाऱ्या खडकातील पाणी उष्णतेने बाहेर पडते, त्याने वरचा खडक वितळू लागतो, आणि हा शिलारस फटी रुंदावत वर चढतो. अंदमान-निकोबार ही आपल्याच देशातील अशी रांग. 26 डिसेंबर 2004 च्या महाभूकंपानंतर बरोबर महिन्याने अंदमान समुद्राच्या तळाशी, बेटांच्या पूर्वेस, धक्क्यांची झड लागली. थोड्याच दिवसांत 5 हून अधिक महत्तेचे दीडशेवर धक्के नोंदले गेले. अशा मालिकांत ही जगातील सर्वांत जोरकस म्हणून गणली जाते.

जपानच्या तोकारा बेटांवर जून 2025 मध्ये अशीच मालिका सुरू झाली आणि दोन आठवड्यांत हजारावर धक्के बसले. त्याच सुमारास एका जुन्या चित्रकथेतील भाकिताचा आधार घेऊन 5 जुलैला महासंकट येणार अशी अफवा पसरली. हाँगकाँगहून जपानला जाणारी विमाने कमी करावी लागली, इतके लोक घाबरले. तो दिवस आला आणि गेला. भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगण्याची विद्या आज जगात कोणाकडेही नाही; सांगणारा पंचांग घेऊन आलेला असो की मोबाईल.

महाराष्ट्राच्या भूमीखाली असा सरकता पट्टा नाही, तरी मालिका आपल्याला नव्या नाहीत. नोव्हेंबर 2018 पासून पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात, विशेषतः धुंदलवाडीच्या परिसरात, जमीन वारंवार हादरू लागली. 1 फेब्रुवारी 2019 रोजी 4.1 महत्तेचा धक्का बसला. थंडीत मुलाबाळांसह लोक घराबाहेर, तंबूत झोपले. जुन्या खडकातील भेगांत मुरणारे पाणी तेथील दाब वाढवून खडक सरकवत असावे, असे अभ्यासकांचे एक स्पष्टीकरण आहे. ही मालिका दीर्घकाळ चालली, पण त्यातून विनाशकारी भूकंप उद्भवला नाही.

येथवर वाचून कोणी निर्धास्त होईल, तर त्याने किल्लारी आठवावी. 1992 च्या पावसाळ्यापासून त्या परिसरातही लहान धक्के बसत होते, ऑक्टोबरात त्यांतला एक चांगलाच जाणवला. लोक घाबरले, मग धक्के ओसरले, भीतीही ओसरली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतर, सहाहून अधिक महत्तेचा भूकंप झाला आणि जवळजवळ दहा हजार माणसे गेली. पालघर आणि किल्लारी यांतील फरक त्या त्या वेळी धक्के मोजून कोणालाही सांगता आला नसता.

लहान धक्क्यांनी जमिनीतला ताण निघून जातो, म्हणून ते चांगलेच, असे आपल्याकडे बरेच शिकलेले लोकही म्हणतात. हिशेब करून पाहावा. महत्ता एकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे 32 पट होते, दोनने वाढली की सुमारे हजार पट. 6 महत्तेच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा निघून जायला 4 महत्तेचे हजार धक्के लागतील. पालघरच्या मालिकेत 4 च्या पुढे गेलेले धक्के हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

किल्लारीत माणसे मारली ती प्रामुख्याने भिंतींनी. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड धाबे. आपल्या मालवण किनाऱ्यावरची घरे वेगळी आहेत: जांभ्याचे चिरे, लाकडी वासे, मंगलोरी कौले. छप्पर हलके, ही जमेची बाजू. पण चिरा मातीत बसवलेला असेल, कोपरे एकमेकांत गुंफलेले नसतील, तर ती भिंत हादऱ्यापुढे गडग्याहून फारशी वेगळी ठरत नाही. दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून साऱ्या भिंतींना बांधणारा काँक्रीटचा सलग पट्टा, कोपऱ्यांत सळ्या, भिंतीच्या आरपार जाणारे लांब चिरे, हे नव्या बांधकामात फार खर्चाचे नाही. गवंड्याला ते आवर्जून सांगावे लागते, एवढेच.

किनाऱ्याला आणखी एक धोका दुरून येतो. 28 नोव्हेंबर 1945 च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ, जेथे असाच एक पट्टा दुसऱ्याखाली जातो, 8 हून अधिक महत्तेचा भूकंप झाला. त्याच्या लाटा काही तासांनी मुंबईत पोहोचल्या आणि तेथे माणसे बुडाली. कारवारलाही त्या जाणवल्या. मालवण या दोहोंच्या मधे आहे. इतक्या दूरचा हादरा आपल्या पायांना कळेलच असे नाही, म्हणून 2007 पासून हैदराबादच्या महासागर माहिती सेवा केंद्रातून दिल्या जाणाऱ्या त्सुनामीच्या सूचनेला महत्त्व आहे. समुद्र अवेळी, ओहोटीच्या मर्यादेपलीकडे मागे हटलेला दिसला, तर सूचनेचीही वाट न पाहता चढणीकडे निघावे. मासे वेचायला खाली जाऊ नये.

वसतिगृहात हे काम आणखी सोपे आहे, कारण सारी मुले एका शिस्तीत राहतात. खाटा उंच कपाटांखाली नसाव्यात, कपाटे भिंतीला पक्की केलेली असावीत, निजण्याच्या खोलीचे दार रात्री बाहेरून लावलेले नसावे. हादरा चालू असताना जिन्याकडे धावायचे नाही. टेबलाखाली शिरून, ते नसेल तर आतल्या भिंतीलगत बसून, हातांनी डोके झाकायचे आणि हादरा थांबल्यावर रांगेने मैदानात यायचे. वर्षातून दोनदा, त्यातून एकदा रात्रीच्या वेळी, याचा सराव घ्यावा.