मुंबईची सहल आणि समुद्राचे पंचांग

तीर्थपुरीच्या आसपास वाढलेल्या मुलास पाणी ठाऊक असते ते विहिरीचे, ओढ्याचे, कालव्याचे आणि फार तर गोदावरीचे. गोदावरी आपल्या तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून वाहते. परंतु तिची वाट पूर्वेची आहे. त्र्यंबकेश्वराजवळ ती उगम पावते तेथून अरबी समुद्र सुमारे ८० किलोमीटरांवरच आहे. तरी ती त्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालते व बंगालच्या उपसागरास मिळते. आपले पाणी अशा रीतीने एका समुद्रास जाते आणि आपल्या सहली मात्र दुसऱ्या समुद्राकडे, म्हणजे मुंबईस जातात. जालन्याहून वा परतूरहून रात्री आगगाडीत बसले म्हणजे सकाळी मुंबई येते. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईस वंदे भारत गाडी सुरू झाली, तेव्हापासून दिवसाउजेडी जाण्याचीही सोय झाली आहे.

मुंबईहून परतलेल्या विद्यार्थ्यास तेथे काय पाहिले असे विचारले असता उंच इमारती, मोटारींची गर्दी, नटांचे बंगले, इतकी यादी तत्काळ ऐकावयास मिळते. समुद्राविषयी विचारावे, तर एक म्हणतो, "पाणी भिंतीला धडका देत होते", दुसरा म्हणतो, "पाणी कोठले? नुसते खडक आणि चिखल." दोघेही खरेच बोलत असतात. एकाने भरती पाहिलेली असते व दुसऱ्याने ओहोटी. पण आपण काय पाहिले हे त्यांस कोणी सांगितलेले नसते. समुद्रकाठच्या शहरातील उत्तमोत्तम मौजा बहुतेक फुकट किंवा अल्प खर्चाच्या आहेत. मात्र त्यांच्या वेळा समुद्र ठरवितो. त्या वेळा येथे तीर्थपुरीस बसून कशा काढाव्या, हे विद्यार्थ्यांस व त्यांस सहलीस धाडणाऱ्या पालकांस सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम कारण पाहू. चंद्र पृथ्वीवरील पाणी आपणाकडे ओढतो, म्हणून त्याच्या समोरच्या बाजूचे पाणी फुगते. नेमक्या उलट बाजूसही तसाच फुगवटा येतो. कारण ती बाजू चंद्रापासून सर्वांत दूर असल्यामुळे तेथे त्याची ओढ सर्वांत क्षीण असते आणि पृथ्वी जितकी ओढली जाते तितके ते पाणी ओढले जात नाही, ते मागे राहते. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना किनारा या दोन्ही फुगवट्यांतून जातो, म्हणून दिवसातून बहुधा दोन भरत्या येतात. दरम्यान चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो. सबब एका भरतीपासून दुसरीपर्यंत बरोबर बारा तास न लागता सुमारे १२ तास २५ मिनिटे लागतात. ही उपपत्ती न्यूटनने १६८७ साली आपल्या ग्रंथात मांडली. सूर्यही पाणी ओढतो, परंतु त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमीच पडतो. पौर्णिमेस व अमावास्येस दोघांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा भरती फार चढते आणि ओहोटीही फार उतरते. यास किनाऱ्यावरील लोक उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोघे एकमेकांस काटकोनात ओढतात व पाणी फारसे चढतही नाही, उतरतही नाही, तो भांग. मुंबईस मोठ्या उधाणाच्या दिवशी भरतीची उंची साडेचार मीटरांच्याही वर जाते. तेथील अपोलो बंदरावर १८७८ सालापासून पाण्याची उंची यंत्राने मोजून नोंदली गेली आहे.

आता हिशेब. कोकणपट्टीवरील कोळी व दर्यावर्दी लोकांत एक रीत रूढ आहे. ज्या दिवसाची भरती पाहिजे त्या दिवसाच्या तिथीचा आकडा घ्यावा, त्यास तीनाने गुणावे आणि चाराने भागावे. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. पक्ष शुद्ध असो वा वद्य, रीत एकच. उदाहरणार्थ, पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. त्या दिवशी दुपारी व पहाटे पावणेचारच्या सुमारास भरती पूर्ण होईल, आणि त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी, म्हणजे दहाच्या सुमारास, ओहोटी पूर्ण होईल. अष्टमीस सहा वाजता भरती व मध्यान्हानंतर थोड्याच वेळाने ओहोटी. यासाठी लागणारे साधन आपल्या प्रत्येकाच्या घरी भिंतीवर टांगलेले आहे. दिनदर्शिकेतील तिथी आपण उपवास व सण यांपुरतीच पाहतो, कोळी तीच तिथी होडी लोटण्यासाठी पाहतो.

गणितात चौकस असणाऱ्या मुलास येथे एक शंका येईल. पौर्णिमेस या रीतीने सव्वाअकरा येतात. परंतु प्रतिपदेपासून नव्या पक्षाचा हिशेब बारापासून सुरू होतो. मधला पाऊण तास कोठे गेला? उत्तर असे की, पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तास सरकते, म्हणजे एका तिथीस ४८ मिनिटे. हा काल बरोबर दोन घटकांचा होतो. तोंडी हिशेबास सोपे पडावे म्हणून ४८ च्या जागी ४५ धरले, आणि दर तिथीस राहिलेली तीन मिनिटे पक्षाच्या अखेरीस ४५ होऊन बसली. यास्तव पक्षाच्या उत्तरार्धात थोडी भर घालावी, आणि एरवीही अर्धापाऊण तास मागेपुढे होईल असे धरून चालावे. किनाऱ्याची ठेवण व तळाची खोली यांवरही वेळ अवलंबून असते, म्हणून हा हिशेब मुंबई व कोकण यांपुरताच आहे. चेन्नईस तो चालणार नाही. ज्यास मिनिटाचाही फरक नको असेल त्याने भरतीचे छापील कोष्टक पाहावे. तथापि सहलीस कोणता दिवस निवडावा हे ठरविण्यास हा तोंडी हिशेब पुरेसा आहे.

माझ्या मते शाळेच्या सहलीस पौर्णिमा किंवा अमावास्या यांनंतरची द्वितीया-तृतीया उत्तम. उधाण नुकतेच होऊन गेलेले असल्यामुळे ओहोटी खूप उतरते, आणि ती सकाळी सात-आठच्या सुमारास येते. अशा वेळी हाजीअलीजवळचे अथवा वांद्र्याच्या कार्टर रस्त्यालगतचे खडक उघडे पडतात व खडकांतील खळग्यांत पाणी साचून राहते. त्या खळग्यापाशी दहा मिनिटे न बोलता बसावे. प्रथम काहीच दिसत नाही. मग दगड वाटलेला शंख चालू लागतो, आणि त्यात मूळ मालकाऐवजी एक लहानसा खेकडा बिऱ्हाड करून राहिला आहे असे आढळते. खडकास कालवे घट्ट चिकटलेली असतात. समुद्रफूल नावाचा प्राणी पाण्यात आपले तंतू फुलासारखे पसरून बसतो आणि सावली पडताच मिटून जातो. चिखल असेल तेथे निवटी पाहावी. ही मासळी असून पाण्याबाहेर उड्या मारीत हिंडते. जिवंत प्राणी उचलून पिशवीत घालू नयेत. घरी पोहोचेपर्यंत ते मरतात आणि आगगाडीच्या डब्यास दुर्गंधी येते, हा अनुभव बऱ्याच शिक्षकांस आहे.

हाजीअलीचा दर्गा समुद्रात थोडा आत असून तेथे जाण्याची सुमारे अर्ध्या किलोमीटरची वाट भरतीत पाण्याखाली जाते. वेळ न काढता गेलेले लोक काठावर उभे राहून चरफडतात. तिथी पाहून गेलेला मनुष्य सरळ चालत जातो.

भरतीची मौज निराळी. पावसाळ्यातील उधाणाच्या दिवशी मरीन ड्राइव्हवर लाटा भिंतीवरून रस्त्यावर येतात; तो देखावा रस्त्याच्या पलीकडील बाजूने पाहावा. या रस्त्याची जमीन पूर्वी समुद्रच होती, भर घालून ती मिळविली आहे. मुंबई मुळात सात बेटांची, हे भूगोलात आपण शिकलो आहोत. भिंतीवर आदळणारे पाणी पाहिले म्हणजे तो पाठ चांगला ध्यानात राहतो. याच रस्त्याच्या उत्तर टोकास गिरगाव चौपाटी आहे. तेथे लोकमान्य टिळकांवर १९२० साली अग्निसंस्कार झाला. त्यांचा पुतळा तेथे आहे, आणि समोर विल्सन कॉलेजची १८८९ सालची दगडी इमारत आहे. सायंकाळी भेळ खावी, वाळूत बसावे, सूर्य पाण्यात बुडेपर्यंत उठू नये. आपल्याकडे सूर्य शेताआड मावळतो. येथे तो पाण्यास टेकल्यावर किती वेळात दिसेनासा होतो हे घड्याळ लावून मोजण्यासारखे आहे.

ज्यास पहाटे उठण्याचा आळस नाही त्याने कुलाब्यास ससून डॉक पाहावा. हा १८७५ साली बांधला गेला. उजाडण्यापूर्वीच होड्या लागतात, बोंबील, पापलेट, कोळंबी यांच्या टोपल्या उतरतात आणि कोळिणी भाव पुकारू लागतात. बाजारातील तोंडी हिशेब इतक्या जलद चालतो की, आपल्या इयत्तेतील पहिल्या क्रमांकाच्या मुलानेही लाजावे. मात्र १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांस मासेमारीची बंदी असते, कारण मासळीच्या विणीचा तो हंगाम. त्या दिवसांत गेल्यास गोदी सुनी आढळेल.

गेटवे ऑफ इंडियाची कमान ४ डिसेंबर १९२४ रोजी खुली झाली, आणि तिच्याखालूनच २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची अखेरची तुकडी निघून गेली. तेथून लाँचने सुमारे तासाभरात घारापुरीस जाता येते. पुष्कळ मुलांचा हा पहिला जलप्रवास असतो, आणि लेण्यांपेक्षा लाँचच त्यांस अधिक आवडते. त्यात काही वावगे नाही. लेण्यांतील त्रिमूर्ती सुमारे अठरा फूट उंच आहे. सोमवारी लेणी बंद असतात. या बेटास पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून एलिफंटा नाव दिले, तो हत्ती हल्ली भायखळ्यास राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी उभा आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावरील एका लाँचेस नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून अनेकांचे प्राण गेले. तरंगण्याचे जाकीट अंगात घातल्यावाचून कोणत्याही विद्यार्थ्याने लाँचमध्ये बसू नये, आणि शिक्षकांनी बसू देऊ नये.

हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. आपल्या जायकवाडीच्या जलाशयावर ते दिसतात, तरी खाडीतील संख्या पाहून डोळे दिपतात. ओहोटीत ते चिखलावर दूरवर पांगतात आणि पाणी चढू लागले म्हणजे त्याच्या पुढे पुढे काठाकडे सरकतात. म्हणून भरती पूर्ण होण्यापूर्वी दोन-तीन तास तेथे पोहोचावे. येथेही तिथीच उपयोगी पडली.

आता जे सांगावयाचे ते मौजेचे नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी बारांहून अधिक जण बुडून मरण पावले. त्या दिवशी चंद्र अर्धा होता, म्हणजे पाणी भांगाचे होते. भांग म्हणजे निर्धोक पाणी असा अर्थ कोणी घेऊ नये. आपल्याकडील ज्या मुलांस विहिरीत उत्तम पोहता येते त्यांस समुद्राचा धोका अधिक वाटतो मला. विहिरीचे पाणी जागेवर असते. समुद्राचे पाणी चालते, आणि पायाखालची वाळूही बरोबर नेते. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये. खडकांवर गेल्यास ओहोटी पूर्ण होण्याची वेळ आधी काढावी आणि त्या वेळी परत फिरावे. कारण चढते पाणी समोरून येते तसे खडकांमधील सखल वाटेने पाठीमागूनही येते. पावसाळ्यात जुहूच्या व गिरगावच्या वाळूवर निळ्या फुग्यासारखे जीव वाहून येतात. त्यांस हात लावू नये, दंश फार झोंबतो.

भरतीचे ज्ञान केवळ सहलीपुरते नाही, हे २६ जुलै २००५ रोजी मुंबईस कळले. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या जिल्ह्यात सबंध वर्षात सरासरीने इतका पडत नाही. पौर्णिमा २१ तारखेस होऊन गेली होती, हा पाचवा दिवस. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. भरती खरोखरच दुपारी त्याच सुमारास होती आणि मुसळधार वर्षावही तेव्हाच चालला होता. शहरातील पावसाचे पाणी ज्या नाल्यांनी समुद्रास जावयाचे त्यांच्या तोंडाशी समुद्रच चढून बसला. पाणी घराघरांत शिरले. त्या पावसात राज्यभर शेकडो माणसे दगावली.

वर्गात सोडविण्यासाठी एक उदाहरण देतो. नाताळच्या सुट्टीत सहल मुंबईस पोहोचली त्या दिवशी वद्य दशमी आहे व मुक्काम एकच दिवसाचा आहे. हाजीअलीच्या वाटेने कोरड्या पायांनी केव्हा जाता येईल? खाडीवरील पक्षी सकाळी पाहावे की दुपारनंतर? आणि सूर्यास्ताच्या वेळी चौपाटीवरचे पाणी चढते असेल की उतरते, हेही कारणासह लिहावे.