कुलाब्याला पायी कधी निघावं?

प्रश्न : दिल्लीची मैत्रीण येतेय. अलिबागहून कुलाबा किल्ल्यावर चालत जायचंय, दिवस चतुर्थीचा. किती वाजता निघावं?

उत्तर : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे सकाळी नऊला ओहोटी. आठला वाळूत उतरा, दहाच्या आत परत फिरा. अष्टमी असती तर नकोच म्हटलं असतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीला, पाणी पुरतं हटत नाही. वाटेत शेवाळलेले खडक लागतात, पट्ट्याच्या सँडल घाला. तटाचे मोठमोठे चिरे चुन्याशिवाय नुसते एकमेकांवर रचलेत. फटींतून लाटेचा जोर मुरतो. ते मैत्रिणीला दाखवाच. आत गोड्या पाण्याची पुष्करणीही आहे. भरतीचा हा हिशेब ढोबळ, म्हणून निघण्याआधी किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला विचारा. पावसाळ्यात मात्र जाऊच नका.