काम थांबले तर मजुरीही थांबते काय?



आपल्या समाजातील असंख्य तरुण उपाहारगृहांत राबतात. कोणी वेटर आहे, कोणी तंदूरपाशी उभा असतो, कोणी भांडी घासतो. आणि गल्ल्यावर बसलेला मालकही पुष्कळदा आपल्याच मोहल्ल्यातला असतो. म्हणून एक प्रसंग नजरेसमोर आणा. दुपारी चार ते रात्री बारा अशी पाळी ठरलेली आहे. सातच्या सुमारास मुसळधार पाऊस कोसळतो, रस्त्यावर पाणी साचते, ग्राहक फिरकत नाही. पुढे वीजही जाते. मालक शटर ओढतो आणि म्हणतो, "आज अर्धी हजेरी." कामगार म्हणतो, "मी तर वेळेवर आलो होतो." दोघेही नमाजी आहेत आणि दोघांनाही आपलीच बाजू न्यायाची वाटते. अशा वेळी शरीअत काय मार्गदर्शन करते?

मजुरी हा करार आहे

दिव्य कुरआनच्या सूरह माइदाची पहिलीच आयत श्रद्धावंतांना करार पाळण्याची आज्ञा देते. मजुरी हाही एक करारच आहे. फिकहच्या परिभाषेत त्याला 'इजारा' म्हणतात. सूरह कसस (28:26-27) मध्ये मदयनच्या वृद्ध गृहस्थांनी हजरत मूसा (अ.) यांच्याशी केलेला करार आला आहे. त्यांनी आठ वर्षांची मुदत घातली, दहा वर्षे पूर्ण करणे मूसांच्या (अ.) मर्जीवर सोडले आणि त्यांना अडचणीत टाकण्याचा आपला हेतू नाही, हेही सांगितले. यावरून दोन गोष्टी कळतात. मुदत व मोबदला आधी ठरलेला असावा. आणि ठरल्याहून अधिक काम हा मालकाचा हक्क नसून कामगाराचा उपकार आहे.

दोन प्रकारचे कामगार

हनफी फुकहांनी कामगारांचे दोन प्रकार केले आहेत. जो ठरावीक वेळ एकाच मालकासाठी देतो, तो 'अजीर-ए-खास'. जो कोणाचेही काम घेतो आणि काम पूर्ण झाल्यावर पैसे घेतो, तो 'अजीर-ए-मुश्तरक', उदाहरणार्थ, शिंपी. इमाम मर्गीनानी (रह.) यांच्या 'हिदाया'त नियम असा आहे की, अजीर-ए-खास ठरलेल्या वेळी स्वतःला कामासाठी स्वाधीन करताच मजुरीस पात्र होतो, प्रत्यक्ष काम मिळो वा न मिळो. उस्मानी काळातील 'मजल्ला'च्या कलम 425 मध्येही हाच नियम आहे. मात्र काम समोर असताना त्याने ते नाकारले, तर मजुरीचा हक्क उरत नाही, असेही तेथेच म्हटले आहे.

पाळीवर काम करणारा वेटर पहिल्या प्रकारात मोडतो. तेव्हा ग्राहक आले नाहीत म्हणून त्याची मजुरी कापता येत नाही. धंद्याचा नफा मालकाचा असेल, तर मंदीही मालकाचीच. उलट, लग्नासाठी देगमागे पैसे ठरवून आलेल्या स्वतंत्र आचाऱ्याचा हिशेब त्याने केलेल्या कामावर होईल.

काम अशक्यच झाले तर?

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. उघड्या मैदानात कामाला नेलेला मजूर पावसामुळे काम सुरूच करू शकला नाही, तर त्याला मजुरी नाही, असा फतवा हनफी ग्रंथांत आढळतो. कारण त्या अडचणीमुळे कामासाठी स्वाधीन होणेच घडले नाही. परंतु उपाहारगृह हे मैदान नव्हे. वीज गेली तरी कांदे निवडता येतात, फरशी धुता येते, भांडी आवरता येतात. मालकाने थांबवून घेतले आणि कामगार थांबला, तर तो वेळ मजुरीचाच आहे. स्वयंपाकघरातच पाणी शिरले आणि काहीच करणे शक्य नसेल, तर आधी ठरलेली अट आणि त्या धंद्यातील रूढ प्रथा पाहावी. रूढ गोष्ट ठरवलेल्या अटीसारखीच मानली जाते. त्यानेही वाद मिटला नाही, तर दोघांनी मिळून जाणत्या मुफ्तींकडे जावे.

अंधारात कामगाराच्या हातून काचेची भांडी फुटली, पण त्याचा निष्काळजीपणा नव्हता, तर भरपाई त्याच्यावर नाही. मालकाचे सामान त्याच्या हाती अमानत असते. आणि बुडालेले तास भरून काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी त्याला विनामोबदला राबवणे योग्य नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानेही, त्याच्या मूळ स्वरूपात, दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी, दिवसाला नऊ तासांपलीकडील कामासाठी दुप्पट दराने मोबदला ठरवला होता.

कामगाराची जबाबदारी

कामगार बंधूंनो, हक्काबरोबर अमानतही येते. वीज जाताच न विचारता निघून जाणे, किंवा मालकाने काम सांगितले असता मोबाईलमध्ये गुंतणे आणि मग पूर्ण हजेरी मागणे, यामुळे रोजी संशयास्पद होते. थांबा, विचारा, हाती असेल ते काम करा.

मालक बंधूंनो, सहीह बुखारीतील एका हदीसनुसार, मजुराकडून पूर्ण काम घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी स्वतः अल्लाह वादी असेल. त्याच ग्रंथात गुहेत अडकलेल्या तिघांची हकीकत आहे. त्यांपैकी एकाने मजुरी न घेता निघून गेलेल्या मजुराची रक्कम वाढवली आणि तो परतल्यावर सारी संपत्ती त्याला सोपवली. त्या कृतीचा वास्ता देऊन त्याने दुआ केली आणि गुहेच्या तोंडावरची शिळा दूर झाली. अर्ध्या हजेरीची रक्कम गल्ल्यात राहिली, तर ती किती दिवस पुरेल, आणि तिचा हिशेब कोठे द्यावा लागेल, याचा विचार करावा. पाळीच्या अटी आजच लिहून ठेवाव्यात, म्हणजे पावसाच्या रात्री वाद होणार नाही.

अल्लाह आपणां सर्वांना हलाल रोजी आणि एकमेकांचे हक्क अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.