ओह्रिडला तीन दिवस द्याच

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही दोघे उत्तर मॅसेडोनियाला जायचं म्हणतोय. हाताशी पाच दिवस आहेत. काय पाहावं? आम्ही शाकाहारी आहोत.

उत्तर : पाचांतले तीन दिवस ओह्रिडला ठेवा. तिथलं सरोवर जवळजवळ 290 मीटर खोल आणि युरोपातल्या सर्वांत जुन्या सरोवरांपैकी एक. कड्यावरचं कानेओचं चर्च सगळेच पाहतात. तुम्ही स्वेती नौमच्या मठाकडेही जा. तिथल्या झऱ्यांवर वल्ह्याची होडी मिळते. पाणी इतकं नितळ, की तळाच्या वाळूतून वर येणारे बुडबुडे होडीतून दिसतात. हे पाणी डोंगरापलीकडच्या प्रेस्पा सरोवरातून जमिनीखालून झिरपत येतं!

उरलेले दोन दिवस राजधानी स्कोप्येसाठी. 26 जुलै 1963च्या भूकंपात शहराचा बराच मोठा भाग जमीनदोस्त झाला. जुन्या रेल्वे स्थानकावरचं घड्याळ अजून पहाटेच्या 5 वाजून 17 मिनिटांवरच थांबलेलं आहे. मदर तेरेसा 1910 मध्ये याच शहरात जन्मल्या. त्यांचं स्मारकही पाहता येईल. चौकातल्या नव्या भपकेबाज पुतळ्यांपुढे मात्र फार वेळ घालवू नका. त्यापेक्षा दगडी पूल ओलांडून जुन्या बाजारात शिरा. अर्धा दिवस मात्का घळीसाठी काढा.

जेवणाची काळजी नको. ‘तावचे ग्रावचे’ म्हणजे मातीच्या भांड्यात भाजलेला घेवडा. कधीकधी त्यात मांस घालतात, म्हणून आधी विचारून घ्या. गुडघे दुखत असतील, तर ओह्रिडमध्ये हॉटेल चढावर नव्हे, तळ्याकाठी घ्या.