अंथरूण ओले होणे : शिक्षा नको, सवय हवी

पालकहो, या विषयावर घरात कुणी मोकळेपणाने बोलत नाही, आणि मूल तर मुळीच बोलत नाही. मुक्कामाची सहल ठरली की काही मुले पोटदुखीचे कारण सांगून आपले नाव काढून घेतात. म्हणून आज हा विषय.

आयुर्वेदात याला शय्यामूत्र म्हणतात. पाच वर्षांपर्यंत तर हा आजार मानत नाहीत. सातव्या वर्षीही शंभरांपैकी पाच ते दहा मुलांना हा त्रास असतो, आणि दरवर्षी त्यांतील सुमारे १५ टक्के मुले आपोआप बरी होतात. गाढ झोप, रात्री लघवी कमी करणारे संप्रेरक पुरेसे न बनणे, बद्धकोष्ठता ही याची कारणे. पुष्कळदा आई किंवा वडिलांनाही लहानपणी हाच त्रास असतो. यात आळस नाही की खोडी नाही.

घरी काय करावे?

१. मुले शाळेत पाणी पीत नाहीत, लघवी रोखून धरतात आणि संध्याकाळी घटाघटा पाणी पितात. हा क्रम उलटा करा. दिवसा भरपूर पाणी, झोपण्याआधी दोन तास अगदी थोडे.
२. संध्याकाळनंतर चहा, कोला नको.
३. दिवसा दर दोन-तीन तासांनी आणि झोपताना लघवीला पाठवा.
४. भाजी, फळे, डाळी देऊन पोट साफ ठेवा.
५. कोरड्या रात्रींची कॅलेंडरवर खूण करा. ओल्या रात्रीबद्दल रागावू नका, भावंडांसमोर बोलू नका. मारल्याने भीती वाढते, त्रास कमी होत नाही.

ताईत-दोऱ्यात वेळ घालवू नका. लघवीला जळजळ, ताप, खूप तहान, वजन घटणे, दिवसाही कपडे ओले होणे, किंवा सहा महिने कोरडे राहून पुन्हा सुरुवात होणे, यांपैकी काहीही दिसले तर लगेच डॉक्टरांना दाखवा. सात वर्षांनंतरही त्रास राहिला तर सल्ला जरूर घ्या. उपचार आहेत.

शाळेचीही जबाबदारी आहे. शिक्षकांनी तासाला लघवीची परवानगी नाकारू नये. विश्वस्त मंडळींना विनंती की स्वच्छतागृहांत पाणी आणि दाराला कडी कायम असावी. घाण आणि उघड्या दारामुळेच मुले, विशेषतः मुली, दिवसभर रोखून धरतात.

आणि विद्यार्थी मित्रांनो, कुणाची ही गोष्ट कळली तर ती तुमच्याजवळच ठेवा. चिडवलेले मूल वर्षानुवर्षे विसरत नाही.

— प्राचार्य