संक्रांतीचा सण : काटकसर आणि निसर्गाशी सख्य

(इयत्ता ३ री ते ५ वी : परिसर अभ्यास, गणित व कार्यानुभव)

पौषातील थंडीचे दिवस खानदेशात भरभराटीचे असतात. शिवारात दादर उभी असते, हरभऱ्याला घाटे धरतात, बोरी लगडतात आणि कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजून गावोगाव भरीत होते. जळगावची केळी व भरिताची वांगी यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या प्रदेशाच्या अंगणात एवढे आहे, तेथे सण साजरा करण्यास बाजाराकडे धाव घेण्याचे कारण नाही.

तरीही शाळेत सणाचा विषय निघाला की वर्गणीचा विषय निघतो. वर्गणीची रक्कम लहान असली, तरी रोजमजुरीवर चालणाऱ्या घरास ती लहान नसते. असे मूल त्या दिवशी पोट दुखल्याचे निमित्त सांगून घरी राहते. म्हणून शाळेतील काटकसर हा केवळ पैशाचा प्रश्न नसून कोणतेही मूल बाहेर राहू नये याची ती व्यवस्था आहे.

उद्दिष्टे : (१) सूर्याच्या गतीचे निरीक्षण करणे. (२) परिसरातील वस्तूंचा योग्य उपयोग करणे. (३) पक्षी, प्राणी व माणसे यांस इजा न होईल असा खेळ खेळणे.

पहिला उपक्रम : काठीची सावली

एक मीटर लांबीची काठी सपाट जमिनीवर ओळंब्याने सरळ रोवावी. २२ डिसेंबरच्या सुमारास दुपारी बारा ते पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा व सर्वांत आखूड सावली मोजावी. जळगाव-धुळे हा प्रदेश सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने ही सावली सुमारे ९८ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ काठीएवढीच भरते. संक्रांतीच्या दिवशी तीच सावली सुमारे ९१ सेंटिमीटर येईल. सूर्य उत्तरेकडे सरकू लागला, हे मुलांना पुस्तकाविना कळेल. नाताळच्या सुटीत हे मापन मुलांनी घरीही चालू ठेवावे.

उत्तरायण डिसेंबरात सुरू होते, मग संक्रांत जानेवारीत का, असा प्रश्न चौकस मूल विचारील. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही घटना एकाच सुमारास येत असत. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याप्रमाणे अतिशय सावकाश डोलतो. त्यामुळे त्यांत आता तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडले आहे, एवढे उत्तर पुरे.

दुसरा उपक्रम : पतंग

रद्दीतील पातळ कागद, बांबूच्या दोन बारीक कामट्या व कणकेची खळ एवढ्यावर पतंग तयार होतो. तो गरगर फिरू लागल्यास जुन्या कापडाच्या चिंधीची शेपटी लावावी. दोरा साधा सुती असावा.

नायलॉनच्या मांज्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे. हा दोरा सहज तुटत नाही आणि कुजतही नाही. झाडावर अडकलेल्या दोऱ्यात सण संपल्यावरही पक्ष्यांचे पंख गुंततात. रस्त्यावर आडवा आलेला दोरा दुचाकीस्वाराचा गळा कापतो. तापी नदीवरील हतनूर जलाशयावर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. त्यांचा परतीचा प्रवास आपल्या खेळामुळे थांबू नये, हे मुलांना समजावून द्यावे.

पतंग मोकळ्या मैदानावरच उडवावा. विजेच्या तारांत अडकलेला पतंग काढण्यास कोणीही जाऊ नये. सणाच्या दुसऱ्या दिवशी जमिनीवर पडलेला दोरा वेचून त्याचे गुंडे करावेत. तो जाळू नये.

तिसरा उपक्रम : सर्वांचा तिळगूळ

शाळेत एक झाकणाचे मडके ठेवावे. ज्याला जमेल त्याने मूठभर तीळ, शेंगदाणे किंवा गुळाचा खडा त्यात टाकावा. कोणी काय आणले याची नोंद ठेवू नये व नावे वाचू नयेत. ज्यांच्याकडून काही येणार नाही त्यांनी शेंगदाणे सोलावेत, रांगोळी काढावी. हे काम इतर मुलांनाही वाटून द्यावे, म्हणजे कोणाचे उणे दिसणार नाही. वाटप केळीच्या पानांच्या तुकड्यांवर किंवा पळसाच्या पत्रावळीवर करावे. नंतर ती पाने शाळेच्या खतखड्ड्यात जातील.

चौथा उपक्रम : वाण

हळदीकुंकवाच्या निमित्ताने माता शाळेत येतात. प्लॅस्टिकच्या वस्तूंऐवजी भाजीचे बी, तुळशीचे रोप किंवा जुन्या साडीची मुलांनी शिवलेली पिशवी वाण म्हणून द्यावी. सुगड गावच्या कुंभाराकडून घ्यावे. ऊस, बोरे, हरभरा व ओंब्या यांची मराठी नावे फळ्यावर लिहून घरच्या अहिराणीतील नावे मुलांकडून वदवून घ्यावीत. बुजणारी मुलेही या तासाला बोलू लागतात.

मूल्यमापन

पुढील प्रश्नांची उत्तरे शिक्षकांनी स्वतःशी तपासावीत : सावलीच्या मापांचा तक्ता भिंतीवर लागला काय? मैदानावर व झाडांखाली दोरा उरला काय? सणानंतर कचऱ्याच्या टोपलीत काय पडले? आणि मुख्य म्हणजे, त्या दिवशी पटावरील किती मुले हजर होती?

पट पूर्ण भरला असेल, तर सण यशस्वी झाला असे समजावे.