दात घासण्याचा ब्रश आणि हिरड्यांचे आरोग्य

बंगळूर शहराच्या पूर्वेस, कोलारकडे जाणाऱ्या रस्त्यावर होसकोटे हे तालुक्याचे गाव आहे. सतराव्या शतकात बंगळूर व कोलार यांच्याबरोबर हा मुलूखही शहाजीराजांच्या जहागिरीत होता. या पठारावर कडुनिंब आणि करंज हे वृक्ष सर्वत्र आढळतात. कानडीत त्यांना अनुक्रमे बेवू आणि होंगे म्हणतात. सुश्रुतसंहितेत दंतकाष्ठासाठी, म्हणजे दात घासण्याच्या काडीसाठी, जे वृक्ष श्रेष्ठ मानले आहेत, त्यांत या दोहोंची गणना आहे. काडी बारा अंगुळे लांब व करंगळीएवढी जाड असावी, आणि ती वापरताना हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, असेही तेथे सांगितले आहे.

आज काडीच्या जोडीला दंतमंजन, नायलॉनचा ब्रश आणि विजेवर चालणारा ब्रश अशी अनेक साधने उपलब्ध आहेत. त्यांपैकी हिरड्यांचे रक्षण कोणते साधन अधिक चांगले करते, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे उत्तर मिळण्यासाठी, दातांवरून नेमके काय काढावयाचे आहे, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

दातांवरील चिकट थर

दात स्वच्छ केल्यानंतर काही मिनिटांतच लाळेतील प्रथिनांचा एक अतिशय पातळ पापुद्रा त्यांवर तयार होतो. त्यावर जीवाणू येऊन चिकटतात, वाढतात आणि त्यांची दाट वस्ती बनते. या पांढुरक्या, चिकट थरास दंतवैद्य ‘प्लाक’ म्हणतात. डेल्फ्ट येथील लेव्हेनहूक याने आपल्या दातांवरील असाच थर भिंगाखाली पाहून, त्यात हालचाल करणाऱ्या सूक्ष्म जीवांचे वर्णन १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविले होते.

चूळ भरल्याने अन्नकण निघून जातात, परंतु हा थर निघत नाही. तो घासूनच काढावा लागतो. तसाच राहू दिला तर लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट त्यात साचून त्याचे कठीण किटण बनते. किटण ब्रशने निघत नाही. ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते.

प्लाकमुळेच हिरड्या सुजतात काय, याचा निर्णायक प्रयोग डेन्मार्कमध्ये हाराल्ड ल्यो व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि १९६५ साली तो प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्यांच्या १२ व्यक्तींनी दात स्वच्छ करणे बंद ठेवले. १० ते २१ दिवसांत त्या सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा स्वच्छता सुरू करताच सुमारे आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. हिरड्यांची सूज प्लाकमुळे येते. आणि आरंभीच्या अवस्थेत ती पूर्णपणे बरी होऊ शकते. परंतु हीच सूज खोलवर जाऊन दातांच्या मुळांभोवतीचे हाड झिजवू लागली, म्हणजे ज्यास लोक ‘पायोरिया’ म्हणतात तो विकार जडला, तर झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. ही झीज प्रत्येकात सारख्या वेगाने होत नाही. श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांत काम करणाऱ्या, दात घासण्याची सवय नसलेल्या ४८० पुरुषांची १९७० पासून पंधरा वर्षे पाहणी करण्यात आली. त्यांच्यापैकी सुमारे ८ टक्के लोकांत रोग झपाट्याने वाढला, ८१ टक्के लोकांत मध्यम गतीने वाढला, तर ११ टक्के लोकांत तो हिरड्यांच्या सुजेपलीकडे गेला नाही. आपण कोणत्या गटात मोडतो, हे आधी कोणालाच ठाऊक नसते.

साधनांची तुलना

नायलॉनच्या तंतूंचा ब्रश १९३८ साली अमेरिकेत प्रथम विक्रीस आला. त्यापूर्वी ब्रशसाठी डुकराचे राठ केस वापरीत. राठ तंतू अधिक स्वच्छ करतात, हा समज मात्र खरा नव्हे. ते जोराने घासल्यास हिरडी मागे सरते आणि दाताचे मूळ उघडे पडून झिजते. म्हणून तंतू मऊ व टोकांशी गोल असावेत, आणि ब्रशचे डोके शेवटच्या दाढेपर्यंत पोहोचेल एवढे लहान असावे.

साध्या ब्रशांवरील अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. एकदा दात घासल्याने सरासरीने सुमारे ४२ टक्केच प्लाक निघतो, असे त्यात आढळले. विजेच्या ब्रशांसंबंधीचा मोठा आढावा २०१४ सालचा आहे. साध्या ब्रशच्या तुलनेत, तीन महिन्यांहून अधिक काळ वापरल्यानंतर, विजेच्या ब्रशने प्लाकचे प्रमाण २१ टक्क्यांनी व हिरड्यांची सूज ११ टक्क्यांनी कमी झाली. हा लाभ खरा आहे. वृद्धांना किंवा ज्यांचा हात नीट चालत नाही अशांना तो विशेष उपयोगी पडेल. पण साधा ब्रश निकामी ठरावा, एवढा तो मोठा नाही.

काडी नीट चावून तिचा कुंचला केला तर समोरच्या दातांवरील थर निघू शकतो. दातांच्या आतल्या बाजूस व मागच्या दाढांवर ती पोहोचविणे मात्र कठीण जाते. बोटाने मंजन लावल्यास हिरडीच्या कडेचा थर बहुधा तसाच राहतो. महाराष्ट्रात अनेक घरांत वापरली जाणारी मशेरी ही तर भाजलेली तंबाखूच होय. तिने दात स्वच्छ होतात हा भ्रम आहे. तंबाखूने हिरड्यांची हानी होते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

घासण्याची रीत

अमेरिकेतील डॉ. चार्ल्स बॅस यांनी १९४८ च्या सुमारास सांगितलेली रीत आजही शिकविली जाते. तंतूंची टोके दात व हिरडी यांच्या सांध्यावर, सुमारे ४५ अंशांचा कोन करून टेकवावीत आणि ब्रश हलक्या हाताने, जागच्या जागी मागेपुढे हलवावा. याप्रमाणे बाहेरच्या व आतल्या बाजूने एकेक भाग घ्यावा. दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी दोन मिनिटे, फ्लोराइडयुक्त पेस्टसह असे करावे. दोन दातांमधील फटीत कोणताच ब्रश पुरेसा शिरत नाही. तेथे दोरा किंवा फटीत मावणारा बारीक ब्रश वापरावा. तंतू फाकले की ब्रश बदलावा.

शेवटी एका गैरसमजाविषयी लिहिणे आवश्यक आहे. घासताना हिरडीतून रक्त आले की अनेक जण तो भाग घासणे सोडून देतात. वस्तुतः असे रक्त हे बहुधा तेथे थर साचल्याचे लक्षण असते. त्या जागी हलक्या हाताने, परंतु अधिक काळजीपूर्वक घासावे. एकदोन आठवड्यांत रक्त थांबले नाही, तर दंतवैद्यास दाखवावे. काडी असो वा यंत्र असो, हिरडीच्या कडेपर्यंत जो रोज पोहोचतो, त्याच्याच हिरड्या निरोगी राहण्याचा संभव अधिक.